खोटी फणी

आमच्या आज्जीच्या फणेरपेटीत एक फणी होती. दोन्हीकडे दाते, एका बाजूचे जरा विरळ, दुसऱ्या बाजूचे इतके दाट की मधून सुईचा दोरा जाईल की नाही अशी शंका यावी. रंग दुधावरच्या सायीचा. घरात तिला ‘दंताची फणी’ म्हणायचे. एका वर्षी गुळाला चांगला भाव आला, तेव्हा आजोबांनी ती मुंबईहून आणली आणि ती अस्सल हस्तिदंताची आहे, हे आम्ही पोरींनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

रविवारी सकाळी आज्जी आम्हा सगळ्या नातींना ओसरीवर ओळीनं बसवायची. मांडीवर जुन्या धोतराचा पांढरा तुकडा पसरायचा, खोबरेल चोपडायचं आणि दाट दात्यांनी डोकं विंचरायचं. ऊ पडली की शेजारच्या घरात दोन नखांत टचकन आवाज यायचा. आमच्याकडे तो आवाज कधी आला नाही. आज्जी ती ऊ गुंतवळासकट अलगद उचलून परसातल्या सावलीत ठेवून यायची.

“आज्जी, मार की तिला!”

“का मारायची? तिनं तुझं थेंबभर रक्त प्यालं, तू तिचा अख्खा जीव घेणार? हा कुठला हिशेब गं?”

पुढे मोठेपणी मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीतली ‘यूकाविहारा’ची गोष्ट वाचली, तेव्हा आज्जीच आठवली. गुजरातच्या कुमारपाल राजाच्या राज्यात एका सावकारानं ऊ चिरडली. राजानं त्याची संपत्ती घेतली आणि त्या पैशातून पाटणला उवेच्या नावानं जिनमंदिर बांधलं, अशी ती कथा. आज्जीनं ती कधी वाचली नसणार. तिला परस पुरेसं होतं.

आज्जी १९७९ साली गेली. सोनं, भांडी, पातळं यांच्या वाटण्या चांगल्या शांतपणे झाल्या. भांडण झालं ते या फणीवरून. मावशी म्हणाली, आईनं ती मला द्यायचं कबूल केलं होतं. आई म्हणाली, शेवटची सहा वर्षं तिचं सगळं मी केलं, तिच्या डोक्यावरची फणी माझ्याकडेच राहणार. मामांनी मध्ये पडून आगीत तेलच ओतलं. “हत्तीचा दात आहे तो, काय लाकडाचा तुकडा आहे होय?” म्हणाले. फणी आमच्याकडे राहिली आणि मावशी अकरा वर्षं आमच्या दारात आली नाही. माझ्या लग्नात आली, जेवली, आईशी चार शब्द बोलली. फणीचं नाव दोघींनीही काढलं नाही.

चार वर्षांपूर्वी आई गेली आणि फणेरपेटी माझ्याकडे आली. माझा जुन्या साजशृंगाराच्या वस्तू गोळा करायचा छंद तिथून सुरू झाला.

नव्या मुलींना फणेरपेटी ठाऊक नसेल म्हणून सांगते. लाकडाची छोटी पेटी, झाकणाच्या आत आरसा, खाली कुंकू, मेण, काजळाची डबी आणि फणी ठेवायचे खण. आमच्या पेटीत एवढंच नव्हतं. वर्षानुवर्षांचा गाळ तळाशी साचावा तसं कायकाय निघालं. अंबाड्याचे आकडे, काळ्या धाग्याची जाळी, पदराला लावायची काचेच्या खड्यांची पिन, झंपरच्या सुट्या गुंड्या, मण्यांनी विणलेला एक बटवा, खोट्या मोत्यांची एकपदरी माळ. सोन्याचं काही नाही. सोनं वाटणीत जातं, मोडीत जातं, सुनेच्या पाटल्यांत वितळून जातं. आज्जीच्या दागिन्यांतला एकही आज मूळ घडणावळीत शिल्लक नाही. राहिल्या त्या या किंमत नसलेल्या वस्तू, कारण त्या मोडून काही मिळणार नव्हतं.

मग मला नादच लागला. नात्यातल्या बायकांकडे गेलं की मी विचारायची, “काकू, तुमच्या सासूबाईंचं काही जुनंपानं आहे का, टाकून देण्यासारखं?” आधी हसायच्या, मग माळ्यावरची ट्रंक खाली यायची. बेळगावच्या खडेबाजारातल्या जुन्या दुकानांतून कधीकाळचा न खपलेला माल मिळाला. पुठ्ठ्यावर शिवलेल्या बटणांची अख्खी पानं, केसांचे चाप. मी एक वही केली. प्रत्येक वस्तूला क्रमांक, काय आहे, कशाची आहे, कुणाची होती, कुणाकडून मिळाली. पहिल्या पानावर मोठ्या अभिमानानं लिहिलं: ‘१. फणी. हस्तिदंती. आज्जीची.’

माझी लेक कायद्याचं शिकते. तिनं वही चाळली आणि पहिल्याच ओळीवर थांबली. “आई, हे हस्तिदंत आहे हे वनखात्याला कळवलं आहेस का?”

मला वाटलं, चेष्टा करते. पण खरंच होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनं बाहेरून आणलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. वारशानं आलेली वस्तू असली तरी ती वनखात्याला कळवावी लागते. विकायचा तर प्रश्नच नाही. अकरा वर्षं दोन बहिणी जिच्यासाठी अबोल राहिल्या, ती फणी कायद्याच्या लेखी लपवून ठेवलेला माल होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. कायद्याची भीती होतीच, पण तिच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. उवेचा जीव वाचवणारी माझी आज्जी ती उवा काढायला जी फणी वापरत होती, ती हत्ती मारून केलेली होती. हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात पन्नास वर्षांत आलं नव्हतं.

खरं तर आपल्या शास्त्रात हे फार पूर्वी येऊन गेलं आहे. श्रावकानं कोणते धंदे करू नयेत, त्याची पंधरा कर्मादानांची यादी आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ती योगशास्त्रात दिली, तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात तिचा विचार केला. त्या यादीत ‘दंतवाणिज्य’ स्वच्छ लिहिलं आहे. शेजारीच लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, केशवाणिज्यही आहे. आज जो निषेध कायद्याच्या पुस्तकात आहे, तो आपल्या घरातल्या पोथीत आठशे वर्षं होता. आणि तरीही मारवाड-गुजरातेत लग्नातल्या मुलीच्या हातात कोपरापर्यंत हस्तिदंती चुडा भरायची रीत होती. एकोणिसाव्या शतकात झांजिबारहून गलबतं भरभरून आफ्रिकेचे सुळे मुंबई बंदरात उतरत. त्यातले काही पुढे लंडनला जात, बाकीच्यांच्या इथे बांगड्या होत. पोथी देव्हाऱ्यात आणि चुडा हातात, असं दोन्ही सुखानं नांदलं. दुसऱ्यांकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही. माझ्या कपाटात फणी होतीच.

मग मी फणीचा इतिहास शोधू लागले. हस्तिदंत आणि उवा यांचं नातं किती जुनं असावं? हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत हस्तिदंती फण्या निघाल्या आहेत. आज इस्रायलमध्ये असलेल्या लाखीश या प्राचीन नगरीच्या जागी २०१६ साली एक चिमुकली हस्तिदंती फणी सापडली, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. तिच्यावर काही कोरलेलं आहे हे नंतर लक्षात आलं आणि २०२२ मध्ये ते वाचून प्रसिद्ध झालं. अवघी सतरा अक्षरं. कनानी वर्णमालेत लिहिलेलं, आजवर सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य. त्यात राजाचं नाव नाही, देवाची स्तुती नाही. या दातानं केसांतल्या नि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाची प्रार्थना आहे! मी एकटीच मोठ्यानं हसले. माणसाला लिहायला आलं तेव्हा त्यानं काय लिहिलं, तर उवांची तक्रार. फणीही दोन्ही बाजूंनी दात्यांची, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट. आज्जीच्या फणीची पणजीच म्हणायची.

एकोणिसाव्या शतकात मात्र हस्तिदंताची मागणी भलतीच वाढली. युरोप-अमेरिकेत पियानोच्या पट्ट्या, सुऱ्यांच्या मुठी, फण्या आणि बिलियर्ड खेळाचे गोळे, सगळं हत्तीच्या दाताचं. गोळे करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीनं हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं, असं सांगतात. त्याच्या आधी, १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स नावाच्या इंग्रजानं कापसापासून केलेला एक नवाच पदार्थ मांडला होता; पण त्याचा धंदा चालला नाही. जॉन वेस्ली हायट हा न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावचा छपाई कामगार. त्यानं आम्लात मुरवलेल्या कापसात कापूर मिसळला, उष्णता आणि दाब दिला, आणि १८७० साली त्याचं पेटंट घेतलं. त्या पदार्थाचं नाव पडलं सेल्युलॉइड.

कापूर! आपल्या आरतीच्या तबकातला. मी ते वाक्य दोनदा वाचलं. सेल्युलॉइड घासलं किंवा गरम पाण्यात धरलं की त्याला कापराचा वास येतो, कारण त्यात कापूरच असतो.

सेल्युलॉइडचे बिलियर्डचे गोळे काही नीट जमले नाहीत. नशीब उजळलं ते बायकांच्या शृंगारामुळे. साय रंगाच्या दोन छटांचे पातळ तक्ते एकावर एक दाबायचे आणि त्यांचे काप काढायचे, की हस्तिदंतासारख्या बारीक रेषा दिसतात. तपकिरी-पिवळे ठिपके मिसळले की कासवाच्या पाठीचं कवच. त्यांना नावंही झोकात दिली होती: आयव्होरॉइड, पायरालिन, ‘फ्रेंच आयव्हरी’. फ्रान्समधलं ओयोना आणि अमेरिकेतलं लेमिन्स्टर ही दोन गावं पिढ्यान्‌पिढ्या शिंगाच्या, लाकडाच्या फण्या करणारी. दोन्ही सेल्युलॉइडवर आली. जी फणी पूर्वी श्रीमंताच्या घरातच असायची, ती आता कारकुनाच्या बायकोलाही परवडू लागली. १९२० च्या दशकात तिकडच्या बायकांनी केस कापून टाकले आणि फण्यांचा धंदा बसला. लेमिन्स्टरच्या फॉस्टर ग्रँट कंपनीनं त्याच यंत्रांच्या जोरावर पुढे उन्हाचे चष्मे काढले. आजचा गॉगल हा एका अर्थी फणीचाच नातू.

इकडे पूर्वेला वेगळीच घडामोड चालली होती. कापराची जंगलं होती फोर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानमध्ये. १८९५ साली ते बेट जपानच्या ताब्यात गेलं, १८९९ मध्ये जपान सरकारनं कापराचा मक्ता स्वतःकडे घेतला. कापूर हाती आल्यावर सेल्युलॉइडचे कारखाने निघायला कितीसा वेळ? १९३० च्या दशकात सेल्युलॉइडच्या उत्पादनात जपान जगात आघाडीवर होता. बाहुल्या, चाप, फण्या, साबणाच्या डब्या. आपल्याकडेही स्वदेशीच्या वाऱ्यात बंगालमधल्या जेसोरला मन्मथनाथ घोष या जपानात शिकून आलेल्या माणसानं सेल्युलॉइडच्या फण्या-बटणांचा कारखाना काढला. ‘जेसोरची फणी’ हे तेव्हा नावाजलेलं नाव होतं. तेव्हा आजोबा मुंबईच्या बाजारात उभे राहिले असतील, तर त्यांच्यासमोर साय रंगाच्या किती तरी फण्या मांडलेल्या असणार, आणि सगळ्याच काही हत्तीच्या नसणार.

आता मला फणी तपासायची होती. तापलेली सुई टोचून बघायची एक जुनी युक्ती सांगतात. मैत्रिणींनो, ती चुकूनही करू नका. सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. जुने सिनेमे ज्या फितीवर निघाले ती याच जातीची. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ही तसल्याच फितीवरचा. तो काळ आज आपल्याला जेमतेम तुकड्यांत दिसतो, त्याला त्या फितींचं जळणं आणि सडणं हेही एक कारण आहे.

मी फणी अंगठ्यानं खसाखसा चोळली आणि नाकाला लावली. कापूर! पण लगेच आनंद मानता येईना. आज्जी खोबरेल तेलात कापराची वडी टाकून ठेवायची, कोंडा होऊ नये म्हणून. चाळीस वर्षं कापराचं तेल प्यालेल्या फणीला, ती कशाचीही असो, कापराचा वास येणारच. वासावर निकाल देता येत नव्हता.

म्हणून ओळखीच्या सराफाकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून फणी सगळीकडून फिरवली आणि मग भिंग माझ्या हातात दिलं. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना कापणाऱ्या वळणदार रेषांची जाळी असते, तिला श्रेगर रेषा म्हणतात. ती जाळी दुसऱ्या कशात येत नाही. आमच्या फणीच्या कडेला जाळी नव्हती. होत्या त्या एकसारख्या, सरळ, शाळेच्या एकरेघी वहीसारख्या समांतर रेषा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हत्तीच्या दातात इतकी शिस्त नसते.

“काकू, दंत नव्हे हे. सेल्युलॉइड. याला किंमत नाही,” ते जरा दबकतच म्हणाले.

मला भर दुकानात रडू आलं. त्यांना वाटलं, नुकसान झालं म्हणून. मला सांगताही येईना की बाबा रे, हत्ती मेला नाही, या सुटकेचं अर्धं रडू आहे. आणि कापसा-कापराच्या तुकड्यासाठी माझ्या आईनं आणि मावशीनं अकरा वर्षं घालवली, त्याचं अर्धं.

घरी आले आणि वहीतली ओळ खोडली. ‘हस्तिदंती’ काढून ‘सेल्युलॉइड, हस्तिदंताची नक्कल’ असं लिहिलं. तेव्हापासून माझ्या संग्रहाचा विषयच ठरून गेला. मी खोट्या वस्तू गोळा करते. खोटे मोती, खोटं कासव, खोटा दंत, काचेचे हिरे. आपण ‘खोटं’ म्हणून ज्याला नाक मुरडतो, त्यानं सामान्य घरातल्या बाईच्या केसांत पहिल्यांदा काहीतरी सुंदर खोचलं आणि तिच्या शृंगारातून एक मेलेला प्राणी कमी केला.

मात्र हे लिहिल्यावर मला अजून खोलात जावं लागलं, आणि तिथे सगळंच काही गोड नव्हतं. सेल्युलॉइडवाल्यांनी जाहिरातीत हत्ती-कासवांना जीवदान दिल्याचा डांगोरा पिटला. पण त्यामुळे हस्तिदंताची मागणी काही थांबली नाही, पियानो पुढेही कितीतरी वर्षं हत्तीचे सुळे गिळत राहिले. हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय व्हायला १९८९ साल उजाडलं. कापरासाठी फोर्मोसातली प्रचंड झाडं तुटली आणि त्या डोंगरांत पूर्वापार राहणाऱ्या लोकांना सैन्याच्या बळावर मागे रेटलं गेलं. माझ्याकडे पुठ्ठ्यावरची काही बटणं आहेत, ती गॅलालिथची असावीत. गॅलालिथ म्हणजे दुधातल्या केसिनपासून केलेला पदार्थ; जर्मनीत निघाला आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिला. दुधाची बटणं! मी खूश झाले, ही तरी निर्दोष. पुढे वाचलं तर या कामासाठीचं केसिन रेनेट घालून काढत, आणि रेनेट येतं वासराच्या जठरातून. डोक्याला हात लावला. दशलक्षणात आपण सत्य, शौच, त्याग अशा एकेका धर्मावर प्रवचन ऐकतो आणि मनातल्या मनात वाटतं, एवढं तर आपण पाळतोच. एका बटणाचा माग काढला तरी कळतं, आपण किती कमी पाळतो. पूर्ण अहिंसक वस्तू बाजारात मिळत नाही. कमी हिंसेची निवडता येते, तीही माहिती करून घेतली तरच.

आणखी एक प्रश्न मला मंदिरातल्या एका वयस्क बाईंनी विचारला. “एकीकडे अपरिग्रह म्हणायचं, आणि दुसरीकडे डब्यावर डबे भरायचे. हे कसं काय बसवतीस?” प्रश्न रास्त होता. तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटलं आहे, आणि एका फणीपायी आसक्ती काय करते ते मी घरातच पाहिलं होतं. पण गृहस्थासाठी परिग्रहपरिमाणाचं अणुव्रतही आहे; किती ठेवायचं ती मर्यादा आधी आखून घ्यायची. मी तेच केलं. माझा संग्रह फणेरपेटीत आणि दोन पत्र्याच्या डब्यांत मावेल तेवढाच. नवीन वस्तू आली की जुनी एक कुणाला तरी द्यायची, तिच्या गोष्टीसकट. देताना जीव तुटतो, तेव्हा व्रताचा अर्थ कळतो.

तुमच्यापैकी कुणाला असा संग्रह सुरू करावासा वाटला, तर माझ्या चुकांतून चार गोष्टी सांगते. बाजारात जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. वस्तू हाती आली की घासूनपुसून चकचकीत करू नका; तेलाचा डाग, तुटका दाता हीच तिची साक्ष असते. ज्या बाईकडून मिळाली तिला लगेच विचारून लिहून ठेवा. वस्तू शंभर वर्षं टिकते, सांगणारी टिकत नाही. सेल्युलॉइड हवाबंद डब्यात कोंडू नका. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते, ते चिकट होतं, तडकतं आणि शेजारच्या पिनांनाही गंज चढवतं. सुती कापडात, हवा लागेल असं, देवघरातल्या निरांजनापासून लांब ठेवा. हस्तिदंत किंवा कासवाचं कवच असल्याचा संशय आला तर विकत घेऊ नका, कितीही जुनं म्हणून सांगितलं तरी. घरातच निघालं तर लपवू नका, वनखात्याला विचारा.

निरांजनावरून आठवलं. हिवाळ्यात आज्जी चुलीपाशी बसून स्वतःचे केस वाळवायची, विंचरायची. पण तेव्हा तिच्या हातात लाकडाची फणी असायची. दंताची फणी चुलीजवळ न्यायची नाही, असा तिचा कडक नियम होता. आम्हाला वाटायचं, किमती म्हणून. आता वाटतं, तिला ठाऊक तर नसेल? आजोबांनी खरं सांगितलं असेल, आणि त्यांचा मान राहावा म्हणून ती आयुष्यभर ‘दंताची’ म्हणत राहिली असेल? विचारायला आता कुणी नाही.

एकच व्यक्ती होती. मावशी आता ब्याऐंशी वर्षांची आहे, सांगलीला मुलाकडे असते. फणी पदराखाली घेऊन तिच्याकडे गेले. सगळं सांगितलं, भिंग, रेषा, कापूस, कापूर. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तो सराफ खुळा आहे. आईची फणी दंताचीच.”

“अगं मावशी, मी डोळ्यांनी पाहिलं...”

“तू रेषा बघितल्यास.” तिनं हात पुढे केला. फणी घेतली, उलटसुलट केली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “आईच्या डोक्याला असाच वास यायचा. तुझ्या आईला सांगितलं होतं मी, दात ठेव तुझ्याकडं, मला नुसता वास घेऊ दे. ती म्हणाली, घेऊन पळशील.” आणि हसली. हसताना डोळे पुसले.

मी पुढे काही समजावलं नाही. निघताना फणी तिच्या उशाशी ठेवून आले. पेटंटचं साल, रेषा, कापराचं जंगल, हे सगळं माझ्या वहीत आहेच.

वहीत आता पहिल्या क्रमांकासमोर असं लिहिलं आहे: ‘फणी. सेल्युलॉइड. आज्जीची. सध्या मावशीकडे.’ परिमाणाच्या हिशेबानं पेटीत एक जागा रिकामी झाली आहे. ती तशीच ठेवावी म्हणते.